देव नाकारला, ऐकीव गोष्टींचे काय?

जनगणना जवळ येत आहे. 16 जून 2025 च्या अधिसूचनेनुसार देशाच्या बहुतांश भागासाठी तिची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच या जनगणनेत सर्व जातींची नोंद होणार आहे. त्यामुळे जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, धुळे, साक्री, शिरपूर, जिथे जिथे आपली वस्ती आहे तिथे जातीच्या रकान्यावर भरपूर चर्चा सुरू आहे. ती व्हायलाच हवी. पण कॉलेजात शिकणारी मुले-मुली आणखी एक प्रश्न विचारू लागली आहेत आणि तो जरा दबक्या आवाजात विचारला जातो. तो धर्माच्या रकान्याचा आहे.

"मी देव मानत नाही. पूजा करत नाही. विज्ञान मानतो. मग 'बौद्ध' तरी कशाला लिहायचं? सरळ 'कोणताही धर्म नाही' असं का लिहू नये?"

यावर घरातल्या किंवा विहारातल्या मोठ्या माणसांचे उत्तर ठरलेले असते. "बाबासाहेबांनी धम्म दिला. बौद्ध लिही. विषय संपला." पण या उत्तराने विषय संपत नाही. 'बाबासाहेबांनी सांगितले म्हणून' हे उत्तर स्वतः बाबासाहेबांनाच मान्य झाले नसते, हे त्या मुलालाही ठाऊक असते. तो गप्प बसतो आणि प्रश्न तसाच राहतो.

हा प्रश्न उद्धटपणाचा नाही आणि चळवळीच्या विरोधातलाही नाही. धम्म, नास्तिकता आणि विज्ञान यांचे एकमेकांशी नाते काय, हे आपण तरुणांना कधी नीट समजावून सांगितलेच नाही, हे त्यातून दिसते. म्हणून आधी कायदा आणि आकडे पाहू, मग विचाराकडे वळू.

कायदा काय सांगतो

2011 च्या जनगणनेत देशात बौद्धांची संख्या 84 लाख 43 हजारांच्या आसपास होती. त्यांपैकी 65 लाख 31 हजार महाराष्ट्रात, म्हणजे देशातल्या दर चार बौद्धांपैकी तीनहून अधिक आपल्या राज्यात. त्याच जनगणनेत धर्म न सांगितलेल्यांची संख्या साधारण 28 लाख 67 हजार होती. स्वतःला स्पष्टपणे 'नास्तिक' म्हणवणारे मात्र देशभरात अवघे 33 हजारांच्या घरात निघाले आणि त्यांतही महाराष्ट्र पुढे होता.

धर्म न लिहिण्याचा हक्क नागरिकाला आहे. सप्टेंबर 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की 'मी कोणत्याही धर्माचा नाही' असे म्हणण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद 25 मध्येच आहे आणि सरकार कोणावर धर्म सांगण्याची सक्ती करू शकत नाही. गंमत अशी की त्या खटल्यातले याचिकाकर्ते नास्तिक नव्हते. ते येशूला मानत होते, पण स्वतःला कोणत्याही धर्माचे म्हणवून घ्यायला तयार नव्हते. देव मानणे आणि धर्म सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या निकालाने नकळत दाखवून दिले. त्याआधी नोव्हेंबर 2013 मध्ये नाशिकच्या एका शिक्षकाच्या प्रकरणात याच न्यायालयाने सांगितले होते की शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्याची सक्ती शिक्षकावर करता येणार नाही.

म्हणजे हक्काबद्दल वाद नाही. परिणाम मात्र समजून घ्यायला हवेत. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशात सुरुवातीला फक्त हिंदू होते, 1956 मध्ये शीख आले आणि बौद्धांचा समावेश व्हायला 1990 उजाडले. त्यासाठी चळवळीला 34 वर्षे झगडावे लागले. 2011 च्या जनगणनेतही अनुसूचित जातींची मोजणी या तीन धर्मांपुरतीच झाली होती. 'धर्म नाही' असे लिहिणारा माणूस त्या मोजणीत येत नव्हता. जनगणनेतले उत्तर म्हणजे जातीचा दाखला नव्हे. ते गोपनीय असते आणि त्यावरून कोणाची सवलत जात नाही. पण समाज म्हणून आपण किती आहोत, हे त्याच आकड्यांवरून ठरते. निर्णय घेताना एवढे माहीत असावे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा, आकड्यांचा काही संबंधच नसता, तर देव न मानणाऱ्या, विज्ञान मानणाऱ्या तरुणाने स्वतःला बौद्ध का म्हणावे?

नास्तिक या शब्दाचे दोन अर्थ

आपल्याकडे 'नास्तिक' हा शब्द जुना आहे. वेदांचे प्रामाण्य न मानणारा तो नास्तिक, असा त्याचा परंपरेतला अर्थ. त्या अर्थाने चार्वाक, जैन आणि बौद्ध हे तिघेही नास्तिक. आजचा अर्थ म्हणजे ईश्वर न मानणारा. त्याही अर्थाने बुद्ध नास्तिकच ठरतात. जगाचा कर्ता त्यांनी मानला नाही, अमर आत्मा मानला नाही आणि स्वतःला कोणाचा प्रेषितही म्हटले नाही. तेव्हा 'मी नास्तिक आहे म्हणून बौद्ध होऊ शकत नाही' हा विचार मुळातच चुकीच्या जागेवरून सुरू होतो. देव न मानणे ही बौद्ध असण्यातली अडचण नव्हेच.

पण गोष्ट इथे थांबत नाही. बुद्धांच्या काळी अजित केशकंबल नावाचा एक आचार्य होता. तोही देव मानत नव्हता, परलोक मानत नव्हता. माणूस मेला की सगळे संपले, चांगल्या-वाईट कर्माला काही फळ नाही, असे तो शिकवत असे. बुद्धांनी त्याची बाजू घेतली नाही. कर्मकांडाला विरोध करणारे दोघेही होते, पण 'काहीही करा, कशाचाच काही परिणाम नाही' हे बुद्धांना मान्य नव्हते. माणसाच्या वागण्याचा परिणाम होतो, तो इथेच होतो आणि दुसऱ्या माणसावर होतो, ही त्यांची भूमिका होती. देव गेला तरी जबाबदारी जात नाही.

बाबासाहेबांच्या वाटचालीतही हेच दिसते. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यात त्यांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात धम्म स्वीकारला. मध्ये 21 वर्षे गेली. नुसते सोडून द्यायचे असते तर येवल्यालाच काम संपले असते. 'आम्ही निधर्मी' असे त्यांना म्हणता आले असते. त्या काळात तसे म्हणणारे विद्वान भारतात होते, युरोपात होते. बाबासाहेबांनी तो मार्ग घेतला नाही. 1950 मध्ये महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात त्यांनी धर्मासाठी कसोट्या मांडल्या. समाज एकत्र राहायचा तर नीतीचा पाया हवा, त्या नीतीला धर्म म्हणा, पण तो बुद्धीला आणि विज्ञानाला पटणारा असावा, स्वातंत्र्य-समता-बंधुता मानणारा असावा आणि गरिबीचे उदात्तीकरण करणारा नसावा. विज्ञान ही त्यांतली एक कसोटी आहे. ती आवश्यक आहे, पण एकटी पुरेशी नाही, हे त्या यादीवरूनच कळते.

याच धुळ्यात कॉम्रेड शरद पाटील यांनी आयुष्य घालवले. जातीच्या प्रश्नावरून 1978 मध्ये त्यांनी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष सोडला आणि सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. पक्का भौतिकवादी माणूस. पण जातीचा उगम शोधता शोधता ते संस्कृत व्याकरणाकडे गेले आणि शेवटी दिङ्नाग-धर्मकीर्तींच्या बौद्ध तर्कशास्त्रापर्यंत पोचले. त्यांची सगळी मते मान्य करायची गरज नाही, चळवळीत त्यांवर खूप वाद झाले आहेत. पण देव न मानणाऱ्या या मार्क्सवाद्याला बौद्ध परंपरेत काय सापडले, हे आपल्या तरुणांनी समजून घ्यावे. दिङ्नागाने ज्ञानाची दोनच साधने मानली. एक प्रत्यक्ष अनुभव आणि दुसरे अनुमान. 'ग्रंथात लिहिले आहे' किंवा 'गुरूने सांगितले आहे' याला त्याने स्वतंत्र पुराव्याचा दर्जा दिला नाही. सांगणाऱ्याचे म्हणणेही तपासूनच घ्यायचे. ही शिस्त दीड हजार वर्षांपूर्वीची आहे आणि ती विज्ञानाच्या अगदी जवळ जाते.

राईनपाडा आणि परधाडे

आता विचारांवरून जमिनीवर येऊ. खान्देशात गेल्या काही वर्षांत घडलेल्या दोन घटना विसरता येत नाहीत.

1 जुलै 2018, रविवार. साक्री तालुक्यातील राईनपाडा. आठवडे बाजाराचा दिवस. मंगळवेढा भागातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत फिरत होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या उन्हाळ्यात देशभर व्हॉट्सॲपवरून पसरली होती. जमावाने त्या पाच जणांना पकडले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि मारून टाकले. त्यांच्याकडे ओळखपत्रे होती की नाही, ते कुठून आले, हे विचारायला कोणी थांबले नाही.

22 जानेवारी 2025. पाचोरा तालुक्यातील परधाडे स्थानकाजवळ पुष्पक एक्स्प्रेसच्या डब्यात आग लागल्याची ओरड झाली. साखळी ओढली गेली. घाबरलेले प्रवासी रुळांवर उतरले आणि शेजारच्या रुळावरून येणाऱ्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडले. किमान 12 जणांचा जीव गेला. आग लागलेलीच नव्हती.

या दोन्ही घटनांत देव नव्हता, बुवा नव्हता, नवस नव्हता. राईनपाड्यात तर हातात विज्ञानाने दिलेला सर्वात आधुनिक यंत्रतुकडा होता, मोबाइल. तरीही माणसे मेली, कारण ऐकलेल्या गोष्टीवर विश्वास बसला. 'नास्तिक झालो म्हणजे अंधश्रद्धेतून सुटलो' असे समजणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. देव न मानणारा माणूसही अफवा मानू शकतो आणि त्या अफवेपायी दुसऱ्याचा जीव घेऊ शकतो.

परधाड्याची माणसे घाबरून उतरली. डब्यात धूर आहे म्हटल्यावर तपासत बसायला कोणालाच वेळ मिळत नाही, म्हणून त्यांना दोष देता येणार नाही. राईनपाड्याची गोष्ट वेगळी. तिथे वेळ होता. विचारता आले असते. पोलीस येईपर्यंत थांबता आले असते.

केसपुत्तच्या कालामांना बुद्धांनी जे सांगितले, त्याची सुरुवातच ऐकीव गोष्टींपासून होते. ऐकले म्हणून, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा आपला गुरू आहे म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका, असा त्या उपदेशाचा रोख आहे. कालाम सुत्त आपण भाषणांत नेहमी वापरतो, पण बहुतेक वेळा अर्धेच वापरतो. त्यात नुसत्या तर्कावर विसंबण्याबद्दलही सावध केले आहे. पुढची कसोटी अशी की या गोष्टीतून लोभ, द्वेष, मोह वाढतो का, ती केल्याने कोणाचे अहित होते का, हे स्वतः पाहा आणि अहित होत असेल तर सोडून द्या. एखादी गोष्ट खरी की खोटी, हे विज्ञान सांगते. तिच्यामुळे समोरच्या माणसाचे काय होईल, हा प्रश्न धम्म त्यात मिळवतो. राईनपाड्यात या दोन प्रश्नांपैकी एक जरी कोणी मोठ्याने विचारला असता, तर कदाचित ते पाच जण घरी गेले असते. मारले गेलेले पाचही जण भटक्या समाजाचे होते, हेही ध्यानात घ्या. अफवा नेहमी कमजोर माणसालाच गाठते. सातपुड्याच्या पट्ट्यात बाईला 'डाकीण' ठरवताना एकटी, विधवा किंवा जमीन नावावर असलेली बाई निवडली जाते, तेही याच कारणाने.

गणित येते म्हणून दृष्टी येत नाही

विज्ञान शिकले की सगळे आपोआप होईल, असे मानणारेही आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी खान्देशातलेच उदाहरण देतो. चाळीसगावजवळच्या पाटणादेवी परिसरात तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. भास्कराचार्य म्हणजे 1150 च्या सुमारास 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिणारे गणिती. ग्रहण कसे लागते, किती वेळ टिकेल, हे त्यांना गणिताने काढता येत होते. आणि हा नातू चांगदेव यादव राजा सिंघणाच्या दरबारी मुख्य ज्योतिषी होता. ग्रहणाचे गणित आणि राजाचे मुहूर्त एकाच घराण्यात, एकाच मठात, शेजारी शेजारी चालत होते. गणिताने मुहूर्ताला हात लावला नाही.

आठशे वर्षांनी फार फरक पडलेला नाही. उपग्रह सोडण्याआधी रॉकेटची प्रतिकृती तिरुपतीच्या देवळात नेली जाते, हे सर्वांना माहीत आहे. इंजिनिअर मुलाच्या लग्नाला पत्रिका बघितली जाते. दिवंगत डॉ. जयंत नारळीकर यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या सहकार्याने ज्योतिषाची जाहीर चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या प्रत्येकी 100 पत्रिका जमवल्या. भाग घेणाऱ्या 27 ज्योतिषांना प्रत्येकी 40 पत्रिका देऊन कोणती कोणाची ते ओळखायला सांगितले. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण 46 टक्के निघाले. नाणे उडवून उत्तर दिले असते तरी 50 टक्क्यांच्या आसपास आले असते. चाचणी साधी होती, खर्च मोठा नव्हता, निकाल छापून आला. तरी पत्रिका बघणे थांबले नाही.

राज्यघटनेच्या अनुच्छेद 51-क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. 1976 मध्ये ते घातले गेले. त्याच वाक्यात मानवतावाद आणि शोधक बुद्धी यांचाही उल्लेख आहे. तिन्ही एकत्र ठेवले आहेत, ते बरोबरच आहे. हे कर्तव्य निभावताना डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात जीव गमावला. त्यानंतर चार दिवसांत जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. 10 मे 2024 रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, तिघे निर्दोष सुटले. कायदा मात्र आपल्या हातात आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, अघोरी उपचार, एखाद्याला करणी करणारा ठरवून छळणे, यांसाठी सहा महिने ते सात वर्षे कैद आणि 5 हजार ते 50 हजार रुपये दंड आहे. प्रत्येक पोलीस ठाण्याच्या हद्दीसाठी दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. पूजा, वारी, कीर्तन, प्रार्थना यांना या कायद्याने हात लावलेला नाही. तो श्रद्धेच्या विरोधात नाही, श्रद्धेच्या नावाने होणाऱ्या छळाच्या विरोधात आहे. आपल्या किती कार्यकर्त्यांनी तो वाचला आहे?

आपल्या घरातली अफवा

इथपर्यंत वाचताना बरे वाटते, कारण चूक दुसऱ्याची आहे. आता आपल्या मोबाइलकडे वळू.

भविष्यातला धर्म बौद्ध धम्मच असेल, असे आईनस्टाईन म्हणाले, ही पोस्ट तुम्हाला किती वेळा आली? दर बुद्धपौर्णिमेला येते. ज्या शब्दांत ती फिरते, ते शब्द आईनस्टाईन यांच्या लेखनात सापडत नाहीत. त्यांनी 1930 मध्ये धर्म आणि विज्ञान या विषयावर लेख लिहिला होता, त्यात वैश्विक धर्मभावनेचा अंश बौद्ध धम्मात बराच आहे, एवढा उल्लेख आहे. तेवढा खरा उल्लेख पुरेसा असताना आपण खोटा का पसरवतो? बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठाने जगातला पहिल्या क्रमांकाचा विद्वान जाहीर केले, ही दुसरी पोस्ट. कोणत्या वर्षी, कोणत्या यादीत, हे त्यात कधीच नसते. बाबासाहेबांना अशा पोस्टची गरजच काय? 1913 मध्ये ते कोलंबियात गेले, 1915 मध्ये एम.ए. झाले, 1927 मध्ये पीएच.डी. मिळाली, 1952 मध्ये त्याच विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. हे सगळे कागदोपत्री आहे. खरे इतके मोठे असताना खोट्याने ते झाकू नये.

पोस्टपुरतेच हे नाही. वधू-वर परिचयपत्रात 'रास' आणि 'नक्षत्र' लिहिणारी बौद्ध कुटुंबे आहेत. परित्राणाच्या पाण्याने आजार बरा होतो, असे सांगणारे आहेत. ध्यानाने कॅन्सर जातो, असे सांगणारेही आहेत. 22 प्रतिज्ञा पाठ असतात आणि गळ्यात ताईत असतो. बुद्धमूर्तीसमोर नवस बोलला तर मूर्ती बदलली, माणूस बदलला नाही.

बाबासाहेबांनी या बाबतीत बुद्धचरित्रालाही सूट दिली नाही. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी प्रश्न केला की 29 वर्षांच्या माणसाने तोपर्यंत म्हातारा किंवा प्रेत पाहिलेच नव्हते, हे पटण्यासारखे आहे का? मग त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला वाद आणि युद्धाला सिद्धार्थाने केलेला विरोध पुढे मांडला. गिरणा आणि पांझरेच्या पाण्यावरून होणारी भांडणे पाहिलेल्या आपल्या माणसाला ही गोष्ट लगेच कळते. आपल्या शास्त्याच्या चरित्रातली, शतकानुशतके पूजलेली कथा तपासून बाजूला ठेवण्याची हिंमत ज्यांनी दाखवली, त्यांचे अनुयायी एक फॉरवर्ड तपासत नाहीत, हे बरे दिसत नाही.

आईशी कसे बोलावे

तरुणांकडूनही एक चूक होते. घरात आईने लेकराच्या मनगटाला दोरा बांधला की मुलगा तिच्यावर तुटून पडतो. "अडाणी आहेस, अंधश्रद्धाळू आहेस." आईने दोरा का बांधला, हे तो विचारत नाही. दवाखाना लांब असतो, पैसे नसतात, रात्रीचा ताप उतरत नसतो आणि शेजारणीने सांगितलेला उपाय पाच रुपयांत मिळतो. भीती घालवल्याशिवाय दोरा सुटत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे का, औषध आहे का, हे विचारायला आईसोबत जाणे हेसुद्धा अंधश्रद्धा निर्मूलनच आहे.

किसा गोतमी मेलेले बाळ घेऊन औषध मागत आली, तेव्हा बुद्धांनी तिला प्रवचन दिले नाही. ज्या घरात कोणी मेले नाही, अशा घरातून मोहरी आण, एवढेच सांगितले. ती दारोदार फिरली आणि उत्तर तिला स्वतःलाच सापडले. समोरच्याला न हिणवता त्यालाच तपासायला लावणे, ही त्या गोष्टीतली पद्धत आहे. नास्तिकतेचा नुसता अभिमान मिरवून हे साधत नाही. त्याला करुणा लागते.

मग रकान्यात काय लिहायचे?

ज्याला खरोखर विचारांती 'कोणताही धर्म नाही' असे लिहायचे आहे, त्याने लिहावे. तो त्याचा हक्क आहे आणि त्याला कोणी गद्दार म्हणू नये. पण 'देव मानत नाही, म्हणून बौद्ध लिहीत नाही' असे कोणी म्हणत असेल, तर त्याला नम्रपणे सांगायला हवे की त्याची गल्लत होते आहे. देव न मानता, ग्रंथ तपासून, माणसाच्या हिताची कसोटी लावून जगण्याला आपल्याकडे नाव आहे. ते नाव घेतल्याने विज्ञान सुटत नाही, उलट एकट्याच्या विचाराला समाजाची साथ मिळते. मी स्वतः 'बौद्ध' लिहिणार आहे. कोणी सांगितले म्हणून नव्हे, तपासून पटले म्हणून.

यंदाची गणना मोबाइल ॲपवर होणार आहे आणि स्वतः माहिती भरण्याची सोयही असणार आहे. प्रगणक घरी आला तर त्याने काय भरले ते वाचून पाहा. आडनावावरून किंवा जातीवरून धर्म गृहीत धरू देऊ नका.

शेवटी एक सूचना. 1937 च्या जुलैअखेर न्यायालयाच्या कामासाठी धुळ्याला आलेले बाबासाहेब लळिंगच्या लांडोर बंगल्यावर थांबले होते. दरवर्षी 31 जुलैला त्या आठवणीसाठी हजारो माणसे तिथे जमतात. अशा मेळाव्यांत आणि आपापल्या विहारात दर रविवारी एक तास 'तपासणी'साठी ठेवावा. आठवड्यात आलेली एक पोस्ट, एक औषधाचा दावा, एक चमत्कार समोर घ्यावा आणि मुलांनी सर्वांसमोर तो तपासून दाखवावा. खरा निघाला तर पुढे पाठवावा, खोटा निघाला तर तो पाठवणाऱ्यालाच शांतपणे कळवावे. जादूटोणाविरोधी कायद्याची प्रत विहाराच्या भिंतीवर लावावी. खर्च काही नाही. राईनपाड्यासारख्या एखाद्या बाजारात उद्या गर्दी जमली, तर 'थांबा, आधी विचारू' असे म्हणणारा एक तरी मुलगा तिथे असावा आणि तो आपल्या विहारातून गेलेला असावा.

जय भीम. नमो बुद्धाय.